बास गिटारमध्ये पिकअप आणि प्रीअँप बदलले तर पुढे विकताना किंमत पडेल का?

तुम्ही मेक्सिकोत बनलेला फेंडर कंपनीचा जॅझ बास सेकंडहँड घेतलाय, आवाज पातळ वाटतो, घरघर येते, म्हणून पिकअप (तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग) बदलून आत प्रीअँप (तो सिग्नल वाढवून आवाज घडवणारं सर्किट) बसवायचा विचार आहे. पण दोन-चार वर्षांनी विकायला काढला तर गिऱ्हाईक नाक मुरडेल, ही भीती.

मुरडेल. पण पिकअप बघून नाही, भोकं बघून. स्क्रू काढून निघतं आणि परत जागेवर बसतं, त्याचं कोणाला काही वाटत नाही. लाकडाला हत्यार लागलं की संपलं.

हे मी पैसे मोजून शिकलोय. माझ्या पहिल्या बासमध्ये प्रीअँप घालायचा होता आणि त्याची ९ व्होल्टची बॅटरी आत मावेना. ओळखीच्या एका सुताराकडून मागच्या बाजूला बॅटरीपुरता खड्डा पाडून घेतला. खड्डा झाला, पण कडेचा पॉलिशचा टवका उडाला. आवाज झकास झाला, पाच-सहा वर्षं मजेत वाजवलं. विकायला काढला तेव्हा आलेल्या मुलाने वाजवायच्या आधी बास पालथा केला, टवक्यावरून अंगठा फिरवला, आणि मी मागितलेल्याच्या निम्मे पैसे सांगितले. प्रीअँप ऐकलासुद्धा नाही.

जॅझ बासवाल्यांचं नशीब चांगलं आहे. दोन व्हॉल्यूमची बटणं, एक टोनचं बटण आणि वायर खुपसायचा जॅक हे सगळं एका धातूच्या पट्टीवर असतं. तेव्हा मूळ वायरिंगला हातच लावू नका. तशीच दुसरी कोरी पट्टी घ्या, नवे २५० किलोओहमचे पॉट (बटणांखालचे फिरवायचे भाग), कपॅसिटर, जॅक तिच्यावर बाहेर टेबलावर निवांत जोडा. जुन्या पट्टीवरून फक्त पिकअपच्या वायरी आणि घोडीकडून (ब्रिजकडून) येणारी अर्थची वायर एवढंच सोडवा. मग ती पट्टी, मूळ पिकअप, त्यांच्याखालचा फोम, स्क्रू, सगळं झिपच्या पिशवीत घालून गिटारच्या केसमध्येच टाका. माळ्यावर ठेवलं तर विकायच्या दिवशी सापडत नाही, हा सुद्धा अनुभवच. पिकअप मागवण्याआधी मोजपट्टीने मोजा: बहुतेक जॅझ बासमध्ये घोडीकडचा पिकअप नेककडच्यापेक्षा (गळ्याकडच्यापेक्षा) साधारण ३ मिमी लांब असतो. न मोजता मागवले की मग खाचेत बसत नाहीत म्हणून लोक कानस घेऊन बसतात.

घरघरीचं म्हणाल तर आधी दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडून बघा. दोन पिकअप एकमेकांच्या उलटे गुंडाळलेले असतात, दोन्ही सारखे उघडले की घरघर कटते. एक जरा कमी केला की परत सुरू. गणेशोत्सवाच्या मंडपात अर्थिंगचा पत्ता नसतो आणि डोक्यावर डिमरचे लाइट असतात, तिथे तर कुठलाही सिंगल कॉइल, म्हणजे असा एकाच वेटोळ्याचा पिकअप, बोंबलणारच. आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली की बराच फरक पडतो. खर्च किरकोळ, आणि बाहेरून काही दिसत नाही.

प्रीअँप मात्र मी आता आत बसवत नाही. तेच काम करणारा पेडल मिळतो, तो पायाशी राहतो आणि बास विकला तरी पुढच्या बासला चालतो. गाण्याच्या मध्यात आतली बॅटरी संपण्याचा प्रकारही वाचतो.

आता दुसरी बाजू. तुमचा बास काही १९६५ च्या आधीचा, म्हणजे फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन कंपनीला विकली जाण्यापूर्वीचा नाही. तसला असता तर कारखान्यात झाळलेला वायरचा एक जोडसुद्धा सोडवू नका म्हटलं असतं. तिथे नुसता रंग नव्याने मारला तरी किंमत निम्म्यावर येते. कारखान्यातून हजारोंनी निघालेल्या बासला देवघरात बसवायचं कारण नाही. नामवंत बासवादक जॅको पास्टोरियसने आपल्या जॅझ बासचे फ्रेट (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) उपटले असं सांगतात, फटी भरल्या, वर होडीला लावतात तसलं इपॉक्सी चढवलं. विकायचा विचार करत बसला असता तर तो आवाज झाला नसता. फक्त एक हिशोब पक्का ठेवा: बदलांवर घातलेले पैसे विकताना परत येत नाहीत. महागडे पिकअप घातले असतील तर ते काढून वेगळे विका, बास मूळ सामानासकट विका.

आणि मुख्य गोष्ट प्रश्नात लिहिलेलीच नाही: तारा किती जुन्या आहेत? सेकंडहँड बासवर बहुतेक वेळा आधीच्या मालकाच्याच मेलेल्या तारा असतात, आणि पावसाळ्यात नेक हललेला असतो. आधी नव्या तारा टाका, ट्रस रॉड (नेकचा बाक सरळ करणारी आतली सळई) आणि पिकअपची उंची कोणा जाणकाराकडून लावून घ्या, महिनाभर वाजवा. त्यानंतरही पातळ वाटला तर इथेच सांगा, कुठले पिकअप घ्यायचे ते बोलू.