प्यायला एकीकडे, जेवायला दुसरीकडे

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: कॉलेजचा ग्रुप पुण्या-मुंबईहून शनिवारी नाशकात जमतोय. आठ जण, त्यात दोन मैत्रिणी. पाच घेणारे, तिघं अजिबात न घेणारे, दोघं शाकाहारी. संध्याकाळी लाउंज गाठायचा की एखादं चांगलं हॉटेल, आणि बिल कसं वाटायचं.

हॉटेलांची नावं कुणीही सांगेल, त्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. प्यायची जागा आणि जेवायची जागा एकच असली पाहिजे हा हट्ट सोडा. मुंबईत तो हट्ट समजू शकतो, तिथे एका ठिकाणाहून उठून दुसरीकडे जायचं म्हणजे निम्मी संध्याकाळ रस्त्यात जाते. नाशकात तशी पाळी येत नाही. सुला, यॉर्क, सोमा या वाइनरीज गावाच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या बाजूला. जेवायची हॉटेलं कॉलेज रोड, गंगापूर रोड, त्र्यंबक रोड आणि मुंबई-आग्रा हायवेला. मधलं अंतर गप्पांत संपतं. ही सोय असताना आठ जणांना संध्याकाळी सातपासून एकाच काळोख्या खोलीत कोंबायचं कशाला?

लाउंजशी माझं वैर नाही. चार जण आहेत, सगळे घेणारे आहेत, पोटात आधीच काहीतरी गेलंय, तर खुशाल जा. पण लाउंजचं फर्निचर जरा डोळ्यांसमोर आणा. बूड आत जाणारा सोफा आणि समोर गुडघ्याएवढं टेबल. तिथे बटर चिकन आणि नान मागवलं की माणूस पोटाची घडी करून जेवतो, आणि घास तोंडापर्यंत येईतो निम्मी ग्रेव्ही शर्टावर. मेनूत नाचोज, फ्राइज, टिक्का प्लॅटर यांचीच गर्दी का असते ते तिथे बसल्यावर कळतं. शिवाय नऊ-साडेनऊनंतर आवाज चढतो. खूप वर्षांनी भेटलेला मित्र विचारतो, "आईची तब्येत कशी आहे रे?" आणि तुम्ही मान डोलावून सांगता, "हो हो, मागवलंय."

दुसरं टोक म्हणजे आपलं साधं परमिट रूम. गप्पा तिथे उत्तम होतात, दरही बरे. मसाला पापड, चणा कोळीवाडा, काकडी-टोमॅटो, वेटर टेबलाशी उभा राहून मापाने पेग ओततोय. मला स्वतःला ही जागा लाउंजपेक्षा प्यारी आहे. पण तुमच्यात दोन मैत्रिणी आहेत. बऱ्याच ठिकाणी बायका सोबत दिसल्या की थेट 'फॅमिली'त पाठवतात, आणि काही ठिकाणी त्या भागात मद्य देतच नाहीत. पाठवलं नाही तर शेजारची टेबलं टक लावून बघतात. जायचंच असेल तर आधी फोन करा आणि "लेडीज आहेत, बसायला कुठे देणार?" असं सरळ विचारा. उत्तर द्यायला माणूस अडखळला की समजून जा.

दोन्हीकडे आणखी एक घोळ होतो, तो म्हणजे स्टार्टरचा. पहिल्या पेगसोबत चिकन लॉलीपॉप, पनीर चिली, क्रिस्पी व्हेज येतं. न घेणारे तिघं फ्रेश लाइम सोडा पीत बसलेत, त्यांच्या हाताला दुसरं काम नाही, ते ताटल्या साफ करतात. घेणाऱ्यांच्या वाट्याला कोबीची सजावट उरते, म्हणून आणखी दोन प्लेट. साडेदहाला कॅप्टन येऊन "किचन बंद होतंय सर, लास्ट ऑर्डर" म्हणतो. तोवर निम्म्यांची भूक मेलेली आणि निम्म्यांचं भान गेलेलं. मग एक दाल खिचडी, आठ चमचे. नाशकात येऊन रात्रीचं जेवण काय केलं, तर दाल खिचडी!

म्हणून माझा बेत असा. दुपारी चारच्या सुमारास वाइनरीवर जा. सुला शहरापासून साधारण 12 ते 15 किलोमीटर. त्यांची पहिली वाइन 2000 साली आली आणि वाइन चाखायची टेस्टिंग रूम 2005 मध्ये सुरू झाली. आज शनिवार-रविवारी तिथे जत्रा असते, तेव्हा आगाऊ बुकिंग करूनच निघा. थोडी शांतता हवी असेल तर जवळच यॉर्क आहे, 2021 पासून तेही सुलाकडेच. धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसायला मिळालं तर सोडू नका. घेणाऱ्यांना टेस्टिंग, न घेणाऱ्यांना द्राक्षांचे मळे, टेकड्या, फोटो आणि खायला काहीतरी. मैत्रिणींकडे कुणी वळून बघत नाही. तीन न घेणाऱ्यांवर 'आम्ही इथे कशाला आलो' असं तोंड करायची वेळ येत नाही, आणि माझ्या लेखी ग्रुपची संध्याकाळ जमली की नाही ते या तिघांच्या तोंडावरच कळतं.

टेस्टिंगमध्ये क्रम बहुधा पांढऱ्यापासून सुरू होतो. आधी सोव्हिन्यो ब्लाँ, शेनिन ब्लाँ, मग रोझे, मग शिराझसारखी लाल, आणि शेवटी लेट हार्वेस्टसारखी गोड. घोट-घोटच असतो. तो उभ्याने ढोसू नका, सावकाश घ्या. पहिल्यांदाच वाइन पिणारा कुणी असेल तर त्याला लाल वाइनने सुरुवात करून देऊ नका. तो तोंड वाकडं करतो आणि परत वाइनच्या वाटेला जात नाही. नाशिकची शेनिन थंडगार प्यायली की असल्या माणसाचंही मत बदलतं. तिखटाबरोबरही हीच बरी, कारण जराशी गोडसर असते. लाल वाइनमधलं टॅनिन, म्हणजे तिला तुरटपणा देणारा घटक, आणि आपली मिरची एकत्र आली की जीभ जास्तच पेटते.

किती घेतली याचा हिशेब बहुतेकांचा चुकतो, म्हणून इथे जरा थांबतो. व्हिस्की साधारण 42.8 टक्क्यांची असते. 60 मिलिलिटरचा लार्ज घेतला तर शुद्ध अल्कोहोल पोटात गेलं जेमतेम 26 मिलिलिटर. वाइन 13 टक्के धरली, तर 150 मिलिलिटरच्या ग्लासात साडेएकोणीस. आणि ज्याला सगळे "अरे, फक्त बियर घेतोय" म्हणतात, ती 650 मिलिलिटरची स्ट्राँग बाटली 7 टक्क्यांची धरली तरी साडेपंचेचाळीस होतात, म्हणजे जवळपास दोन लार्ज! ग्रुपमध्ये आधी कोण लुढकतो बघा, बहुतेक वेळा तो 'फक्त बियर'वालाच असतो. 750 मिलिलिटरच्या वाइनच्या बाटलीत असे पाच ग्लास होतात. पाच जणांना दोन बाटल्या म्हणजे माणशी दोन ग्लास. मधे भरपूर पाणी आणि खाणं असेल तर रात्रीच्या जेवणाची चव नीट कळेल इतपत हे पुरे.

सूर्य मावळला की उठा आणि जेवायला गावात या. डिसेंबर-जानेवारीत तसंही बाहेर बसवत नाही. नाशिकची थंडी मुंबईकरांना झेपत नाही, त्यांना स्वेटर आणायला आताच सांगून ठेवा.

जेवायला कुठे? पंजाबी ग्रेव्ही पुण्यातही मिळते. इथे आलात तर काळ्या मसाल्याचं मटण, बाजरीची भाकरी, कांदा-लिंबू आणि ठेचा मिळेल असं हॉटेल धरा. अशी घरगुती, गावठी चवीची हॉटेलं त्र्यंबक रोडला आणि हायवेला बरीच आहेत. सामिष आवडणाऱ्यांना शहरात कोकणी दरबारचं नाव कुणीही सांगेल. शाकाहाऱ्यांना पनीरवर ढकलू नका, त्यांना शेवभाजी खाऊ घाला. खानदेशची वस्तू, पण नाशकाने ती आपलीच मानलीय. फक्त मागवताना एक सांगा: शेव वेगळी आणा. स्वयंपाकघरातच शेव घालून भाजी टेबलावर येईपर्यंत पाच-सात मिनिटं गेली की तिचा लगदा होतो. काळपट लालसर रस्सा वाफाळत आला पाहिजे, वर तर्री दिसली पाहिजे. जाड तिखट शेव आपल्या हाताने वर पसरायची आणि ती अर्धी मऊ, अर्धी कुरकुरीत असतानाच भाकरी मोडायची. थंडीत वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाली तर शेवभाजीलाही मागे ठेवा. आठ जणांत दोन भाज्या, दोन मटण, एक भरीत, आणि भाकऱ्या गरम-गरम एकेक करून मागवा, एकदम ढीग नको.

जेवताना कुणाला पुन्हा घ्यायचीच असेल तर परवान्याचं हॉटेल बघा. वाइनरीवरून घेतलेली बाटली तिथे उघडू देतात का, आणि उघडायचे किती घेतात, ते फोनवर विचारून ठेवा. परवाना नसलेल्या ठिकाणी टेबलाखालून पाण्याच्या बाटलीत भरून प्यायचा उद्योग मात्र करू नका. त्या हॉटेलवाल्याच्या पोटावर पाय यायची वेळ येते. गंगापूर धरणाच्या काठावर गाडीची डिकी उघडून बसणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. काचा तिथेच फोडून जातात, दुसऱ्या दिवशी त्या गुराढोरांच्या पायात.

आता बिल. दोन जागांचा खरा फायदा इथे दिसतो. लाउंजमध्ये एकच लांबलचक बिल येतं, आणि कुणीतरी दिलदारपणे "भागिले आठ" म्हणतं. समजा खाणं 4,000 आणि मद्य 3,000. साध्या रेस्टॉरंटमध्ये खाण्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 4,200. मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. परमिट रूमला तो 2023 च्या नोव्हेंबरपासून 10 टक्के झाला, म्हणजे 3,300. एकूण 7,500. आठांत सरसकट वाटले तर माणशी 937 रुपये 50 पैसे. पण न घेणाऱ्याचा खरा वाटा 525 चाच आहे, आणि घेणाऱ्याचा 1,185. म्हणजे थेंबही न घेतलेल्या तिघांनी प्रत्येकी 412 रुपये 50 पैसे दुसऱ्याच्या ग्लासात ओतले. मैत्रीत कुणी बोलून दाखवत नाही, पण पुढच्या वेळी "मला जमणार नाही रे" असा मेसेज येतो तो यातूनच. वाइनरीचं बिल घेणाऱ्यांनी आपसांत वाटावं, जेवणाचं आठांनी. एकाच ठिकाणी बसलात तर ऑर्डर देतानाच सांगा, लिकरचं बिल वेगळं द्या. परमिट रूमवाले बहुधा तसंही वेगळंच फाडतात. टीटीएमएम, म्हणजे तू तुझं मी माझं, करायला लाज कसली?

बिल आल्यावर सर्व्हिस चार्जची ओळ बघा. तो सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 च्या जुलैत तसे निर्देश दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 च्या मार्चमध्ये ते कायम ठेवले. शांतपणे "हा काढून द्या" म्हटलं की बहुतेक जण काढतात. वेटरला टिप मात्र हातात द्या, आणि आठ जणांचं टेबल सांभाळलंय हे लक्षात ठेवून द्या. पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त लावले म्हणून भांडू नका, रेस्टॉरंटला ती मुभा सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच दिली आहे. साधं पाणी मागा, विषय संपला. मोठ्या तारांकित हॉटेलात, जिथे खोलीचं भाडं दिवसाला 7,500 च्या वर आहे, तिथे खाण्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. मेनूतले आकडे बघून अंदाज बांधलात तर तिथे फसाल.

गाडीचं तर सगळ्यात आधी ठरवा. दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट मोठी गाडी करा, आठ जणांत ती जड जात नाही. संध्याकाळी वाइनरीवरून परतताना ओला-उबरच्या भरवशावर राहू नका, आणि आपल्याकडच्या रिक्षा मीटरने कुठे जातात? "तिघं पीत नाहीत, ते चालवतील" असं परस्पर गृहीत धरू नका, त्यांचीही सुट्टीच आहे. त्यांनी आपणहून म्हटलं तर गोष्ट वेगळी. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. पहिल्यांदा सापडलात तर 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. स्कूटीलाही तेच लागू. आणि महाराष्ट्रात बियर-वाइनसाठी वयाची अट 21, बाकी मद्यासाठी 25. ग्रुपमध्ये कुणाचा धाकटा भाऊ येणार असेल तर त्याचं वय आधीच बघा.

तारीख अजून ठरली नसेल तर जानेवारी ते मार्चमधला शनिवार धरा. द्राक्षांची तोडणी तेव्हाच चालते, मळे भरलेले असतात. गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात, ते सोसायचं. पावसाळ्यात धरणाचा परिसर हिरवागार दिसतो, पण वेलींवर द्राक्षं नसतात, आणि श्रावण लागला की तुमच्या पाच घेणाऱ्यांतले दोन तरी गळतील. गटारीच्या आधीचा शनिवार-रविवार टाळाच, टेबल मिळत नाही आणि मिळालं तर वेटर मिळत नाही. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर हे ड्राय डे. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे 48 तासही कोरडे. त्यात शनिवार अडकतोय का बघा आणि मगच पुण्या-मुंबईकरांना तिकिटं काढायला सांगा.