नाईट शिफ्टमुळे मेंदूत गाठ झाली का?

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाला ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर) झालाय. तो बरीच वर्षं नाईट शिफ्ट करायचा. आता कुठेतरी वाचलं की शरीराच्या घड्याळाचे जीन्सच गाठीत रक्तवाहिन्या वाढवतात. मग हे जागरणानेच झालं का? आता झोपेची वेळ पाळली तर गाठ थांबेल का?

उत्तर : ताई, त्याने जागून जागून हे ओढवून घेतलं हा विचार आधी डोक्यातून काढा. २०१९ मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनं नाईट शिफ्टमुळे बहुधा कॅन्सर होऊ शकतो असं म्हटलं खरं, पण त्यांचा रोख ब्रेस्ट, प्रोस्टेट आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर होता, मेंदूच्या गाठीवर नाही.

आता तुम्ही वाचलेलं. क्लॉक आणि बीमॅल१ ही जीन्सची जोडी जवळपास प्रत्येक पेशीत असते, ती बाकीचे जीन्स चालू करते, त्यातलेच पिरियड आणि क्रिप्टोक्रोम मग हिलाच गप्प बसवतात, आणि हा फेरा साधारण २४ तासांचा, हेच शरीराचं घड्याळ. ग्लायोब्लास्टोमाच्या स्टेम सेल्स (गाठ वाढवत ठेवणाऱ्या मूळ पेशी) मात्र हीच जोडी स्वतःच्या वाढीसाठी राबवतात. २०२३ मध्ये आलेल्या एका संशोधनात दिसलं की क्लॉकमुळे पुढे हिफ१ नावाचा प्रोटीन-स्विच कामाला लागतो (तोच, जो एरवी ऑक्सिजन कमी पडला की जागा होतो), मग गाठीच्या पेशी पेरिओस्टिन नावाचं प्रोटीन बाहेर सोडतात आणि ते आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींना नवीन फांद्या फोडायला लावतं. उंदरांमध्ये ही साखळी मध्येच तोडली तर रक्तवाहिन्याही कमी झाल्या आणि गाठही मंदावली. पण हे सगळं गाठीच्या पेशींच्या आतलं, भाऊ किती वाजता झोपतो त्यावर ठरणारं नाही, त्यामुळे नुसत्या वेळेवर झोपण्याने गाठ थांबेल असं मी तरी सांगणार नाही.

मग संशोधकांची एवढी धडपड कशाला? तर रक्तवाहिन्या रोखणारं बेव्हासिझुमॅब हे औषध आधीपासून आहे, त्याने सूज उतरते, पण २०१४ च्या दोन मोठ्या ट्रायल्समध्ये गाठ काही महिने जास्त आटोक्यात राहूनही आयुष्य काही वाढलं नाही. म्हणून दुसरी वाट शोधतायत. या साखळीवरचं औषध अजून नेहमीच्या उपचारात आलेलं नाही, कोणी विकत असेल तर लांब राहा.

झोप नीट हवीच, पण ती त्याला बरं वाटावं म्हणून. डेक्सामेथासोन (मेंदूची सूज उतरवणारं स्टेरॉइड) चालू असेल तर त्यानेही झोप उडते, दिवसातला दुसरा डोस जरा लवकर घेतला तर चालेल का ते डॉक्टरांना विचारा. केमोच्या गोळ्यांची वेळ मात्र आपल्या मनाने बदलू नका.