वाचक विचारतात : जुन्या टॉप लोडचं पोट उघडताना

पावसाचे चार महिने वॉशिंग मशिन रोज चालतं, खाऱ्या हवेने पत्रा सुटतो आणि गणपतीच्या तोंडावर नेमकं काहीतरी अडतं. त्यामुळे या वेळची बहुतेक पत्रं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून आली आहेत.

प्रश्न : 1998 साली कुवेतहून आणलेलं अमेरिकन बनावटीचं टॉप लोड आहे, मधे उंच खांब असलेलं. पाणी भरतं, मोटरचा आवाज येतो, पाणी उपसलंही जातं. पण खांब हलत नाही आणि ड्रमही फिरत नाही. मेकॅनिक म्हणतो गियरबॉक्स गेला, भंगारात काढा. काढू का? (रत्नागिरी)

थांबा, एवढ्यात काढू नका. पाणी उपसलं जातंय म्हणजे मोटर ठीक आहे. व्हर्लपूलने 1980च्या दशकात टॉप लोडमधला पट्टा काढून टाकला. मोटरच्या एका टोकाला पंप आणि दुसऱ्या टोकाला थेट गियरबॉक्स अशी रचना आली. मोटर एका दिशेने फिरली की खांब घुसळतो, उलट फिरली की पाणी उपसलं जातं आणि ड्रम गरगरतो. तुमचं मशिन याच जातीचं असेल, तर मोटर आणि गियरबॉक्स यांच्यामध्ये एक कपलर असतो: तीन-तीन बोटांचे प्लास्टिकचे दोन तुकडे आणि त्यांच्यामध्ये रबराची चकती. ड्रममध्ये चादरी कोंबल्या की आधी हाच तुटतो. तो तुटल्यामुळेच गियरचे दाते वाचतात. मशिनखाली टॉर्च मारून पाहा. रबराचा चुरा आणि प्लास्टिकच्या कपच्या दिसल्या तर शंका उरत नाही.

काम तासाभराचं आहे. प्लग काढा, नळ बंद करा, ड्रम रिकामा करा. बटणांच्या पट्टीचे दोन्ही कडांचे स्क्रू काढून ती मागे उलटवा आणि झाकणाच्या स्विचची वायर सोडवा. तिथेच पितळी रंगाच्या दोन क्लिपा दिसतील, त्या स्क्रूड्रायव्हरने उचकटा. आता झाकण उघडून आतली कड धरा आणि पत्र्याचा अख्खा खोका पुढे झुकवून बाहेर ओढा. पंप दोन स्प्रिंग क्लिपांवर असतो. पाइप न सोडवता तो सरळ आपल्याकडे ओढून बाजूला करा. मोटरलाही दोन क्लिपा असतात, प्रत्येकीला एक स्क्रू. शेवटची क्लिप सोडताना मोटरखाली हात हवा, ती जड असते. जुने तुकडे काढा. नवा तुकडा शाफ्टवर बसवून वर पान्याचं सॉकेट धरा आणि शाफ्टचं टोक तुकड्याच्या पातळीला येईपर्यंत हातोडीने हलके ठोका. थेट प्लास्टिकवर हातोडी मारली तर तो तिथेच चिरतो.

हात लावलाच आहे तर खांबाचा वरचा, मळसूत्रासारखा भाग फिरवून पाहा. एका दिशेला मोकळा फिरून दुसऱ्या दिशेला तो अडायला हवा. दोन्हीकडे सैल फिरत असेल तर आतले चार प्लास्टिकचे खटके झिजले आहेत. ते चौघे एकदमच बदला.

प्रश्न : नव्या मशिनांमध्ये तो मधला खांब का नसतो? आमच्या आईच्या मते जुन्यातच कपडे खरे धुतले जात. (वेंगुर्ला)

मोटर गोल फिरते, पण खांब पुढे-मागे घुसळावा लागतो. 1947 पासून अमेरिकेत आलेल्या स्वयंचलित टॉप लोडमध्ये हे रूपांतर दातेरी चाकांचा गियरबॉक्स करत असे. तो वजनदार, तेलाने भरलेला आणि महाग. जपानात सान्योने 1953 मध्ये वेगळी वाट घेतली: भांड्याच्या बाजूला एक चकती आणि पाण्याला भोवरा. पुढे ही चकती तळाशी आली, तीच आपली पल्सेटर. ती पुढे-मागे घुसळावी लागत नाही. मोटर थोडा वेळ इकडे, क्षणभर थांबून थोडा वेळ तिकडे फिरवली की झालं. म्हणजे जे काम दाते करत होते ते टायमरच्या पत्तीने केलं आणि पुढे इलेक्ट्रॉनिक बोर्डाने. मशिन हलकं आणि स्वस्त झालं.

आईंचं म्हणणं जाड सुती कपड्यांपुरतं बरोबर आहे. खांब कापडाला कापडावर घासतो, चिखलाचे पंचे आणि मुलांच्या शाळेच्या पँटी त्यात छान निघतात. पण नऊवारी त्याच खांबाला पीळ घालून गुंडाळली जाते. पल्सेटरमध्ये कपडा कमी झिजतो, मात्र गुंता होतो. म्हणून लांब साड्या आणि बाह्यांचे शर्ट एकत्र टाकू नयेत.

प्रश्न : वीस वर्षांचं सेमी ऑटोमॅटिक आहे. ड्रायर लावला की खालून पाणी गळतं आणि हल्ली खरखर येते. ड्रायरची मोटर बदलावी लागेल? (मालवण)

आधी सील बदला, मग मोटरकडे पाहा. ड्रायरच्या टपाचा दांडा तळातून खाली मोटरपर्यंत जातो. त्याच्याभोवती घड्यांचं रबरी सील असतं, दुकानात स्पिन सील किंवा बेलो म्हणून मागा. ते फाटलं की साबणाचं पाणी दांड्यावरून थेट खालच्या मोटरवर टपकतं, बेअरिंग गंजतं आणि खरखर सुरू होते. जुना नमुना सोबत न्या, भोकाचे माप कंपनीगणिक बदलते.

मागचं झाकण काढा. मोटरवरच्या ब्रेकच्या चकतीचा बोल्ट ढिला केला की टप दांड्यासकट वर उचलता येतो. दांड्यावर गंजाची रिंग पडली असेल तर बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, नाहीतर नवं सीलही चार महिन्यांत कापेल. सीलच्या ओठाला सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या तेलाने रबर फुगतं. टप बसवून झाल्यावर ब्रेक तपासायला विसरू नका. झाकण बंद असताना ब्रेकची पट्टी चकतीला अजिबात घासता कामा नये, उघडताच टप काही सेकंदांत थांबला पाहिजे. वायर ताणून बसली तर मोटर ब्रेक ओढतच फिरते आणि जळते. हात कापणारे अपघात ब्रेक न लावणाऱ्या मशिनांत होतात, म्हणून हे सांगणं टाळता येत नाही.

प्रश्न : धुण्याची मोटर नुसती घूं करते. पल्सेटर हाताने ढकलला की फिरते. (गुहागर)

मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर बदला. जुन्यावर जितके मायक्रोफॅरड लिहिलेत तितकेच घ्या, 440 व्होल्टचा. मोठा घातला तर ताकद वाढत नाही, गुंडाळी तापते. काढण्याआधी प्लग उपसा आणि कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना बल्बच्या वायरी लावून त्यातला उरलेला करंट उतरवा.

प्रश्न : घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, मशिन पडवीत. पट्ट्याचं जुनं फुल ऑटोमॅटिक दुरुस्त करावं की पट्टा नसलेलं इन्व्हर्टर, म्हणजे मोटरचा वेग बोर्डाने बदलणारं मशिन, घ्यावं? (देवगड)

मोटर थेट ड्रमखाली बसवायची कल्पना न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेलने 1991 मध्ये टॉप लोडमध्ये आणली. तिच्यात पट्टा नाही, आवाज कमी. पण बिघाडाची जागा आता बोर्डात गेली. पट्टा आणि कपॅसिटर तालुक्याच्या दुकानात मिळतात, बोर्ड मात्र मॉडेल नंबर देऊन मागवावा लागतो आणि पावसात व्होल्टेज खेळलं की पहिला घाव त्यालाच.

म्हणून आधी जुन्याचा पत्रा तपासा. चार कोपऱ्यांना चार सळ्यांवर ड्रम लटकलेला असतो. सळ्या जिथे अडकतात ते कोपरे स्क्रूड्रायव्हरने टोचा. टोक आत घुसलं तर त्या मशिनवर खर्च नको, ड्रम एक दिवस सुटून खाली येईल. पत्रा घट्ट असेल आणि फक्त धुताना पल्सेटरसोबत अख्खा ड्रमही फिरत असेल, तर क्लच (पल्सेटर आणि ड्रम यांना जोडणारा-सोडवणारा भाग) किंवा त्याचा ब्रेक गेलाय. ते दुरुस्त करून घ्यावं.

काही घेतलंत तरी मशिन पडवीतून आत आणा. जांभ्याच्या चिऱ्यांवर चार बोटं उंच ठेवा, म्हणजे खालून वारा फिरेल. धुणं झाल्यावर झाकण उघडं ठेवा. नळाकडची बारीक जाळी महिन्याला काढून धुवा, विहिरीच्या पाण्याबरोबर लाल गाळ येतो आणि पाणी भरायला लागणारा वेळ वाढतो. इन्व्हर्टर घेतलंत तर स्टॅबिलायझर त्याच दिवशी घ्या, आणि विजा सुरू झाल्या की प्लग काढून ठेवा.