वाचकांचे प्रश्न : मुलांच्या गळ्यावरची सूज आणि स्वयंपाकघरातलं मीठ

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेत पाचवी-सहावीच्या काही मुलींचा गळा फुगीर दिसतो. हा गलगंडच आहे का, हे शाळेत कसं ओळखायचं? (शिक्षिका, जि. नंदुरबार)

उत्तर : मुलीला उजेडाकडे तोंड करून, मान सरळ ठेवून बसवा आणि पाण्याचा एक घोट गिळायला सांगा. गलगंड म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची सूज. ही ग्रंथी श्वासनलिकेला धरून असते, त्यामुळे गिळताना ती वर जाऊन खाली येते. मानेच्या कडेच्या किंवा जबड्याखालच्या गाठी तशा हलत नाहीत. त्यांची कारणं वेगळी असतात : टॉन्सिल, किडलेले दात, कधी क्षय. त्याही डॉक्टरांना दाखवाच.

मग कंठमण्याखाली, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना हलकेच चाचपून पाहा. ग्रंथीची प्रत्येक बाजू त्या मुलीच्या अंगठ्याच्या शेवटच्या पेरापेक्षा मोठी लागली, तर गलगंड धरतात. माप तिच्याच अंगठ्याचं घ्यायचं. मोठ्या माणसाच्या अंगठ्याशी तुलना केली की लहान मुलांमधले गलगंड हमखास निसटतात. हाताला लागतो पण मान सरळ असताना दिसत नाही, तो पहिल्या दर्जाचा. नुसतं पाहूनच कळतो, तो दुसऱ्या.

६ ते १२ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ५ टक्के किंवा त्याहून जास्त निघालं, तर तो त्या मुलींचा आजार न राहता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरतो. यादी करून प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला कळवा. जेवणात आयोडीन कमी पडलं की ही ग्रंथी फुगते, म्हणून शाळेच्या कोठीतल्या मिठात आयोडीन आहे का, तेही त्याच दिवशी तपासा. तुमच्याकडे सगळी मुलं एकाच कोठीतलं खातात, म्हणजे मीठ बिनआयोडीनचं असेल तर ते प्रत्येक ताटात जातं. गळा सुजायच्या आधीपासून अभ्यासावर आणि वाढीवर परिणाम होत असतो, म्हणून थांबू नका.

तपासणीचं किट आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळतं. चमचाभर मीठ सपाट करून त्यावर द्रावणाचे दोन थेंब टाका आणि मिनिटभरात रंग तक्त्याशी जुळवा. जांभळा-निळा रंग जितका गडद, तितकं आयोडीन जास्त. रंग आलाच नाही तर लगेच निकाल देऊ नका, काही मीठ अल्कधर्मी असतं. नवं मीठ घ्या, आधी किटमधलं फेरतपासणीचं द्रावण टाका, मग पहिलं. द्रावणाची मुदत संपली असेल तर चांगलं मीठही नापास होतं.

प्रश्न : आम्ही पेणजवळ राहतो. मीठ मिठागरातलं, समुद्राचंच. त्यात आयोडीन असणारच ना?

उत्तर : नाही, आणि हा समज फार पसरलेला आहे. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ५० ते ६० मायक्रोग्रॅम आयोडीन आणि ३५ ग्रॅम क्षार असतात. सगळं आयोडीन मिठात उतरलं असं धरलं तरी ग्रॅममागे दोन मायक्रोग्रॅमसुद्धा भरत नाही. घरात पोचलेल्या मिठात ग्रॅममागे निदान १५ हवेत, म्हणजे पाकिटावरच्या भाषेत १५ पीपीएम. शाळकरी मुलाची रोजची गरज १२० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईची २५०. म्हणून कारखान्यात मिठावर पोटॅशियम आयोडेट फवारतात. उपासाच्या सैंधवातही ते बहुधा नसतं, पाकीट वाचून घ्या.

खडेमीठ धुऊन वापरायची सवय असेल तर आयोडीनयुक्त खड्यांवरचं आयोडीनही पाण्याबरोबर जातं. मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीपासून आणि ओलीपासून दूर ठेवा. भाजीत मीठ शेवटी घाला. आणि जास्त आयोडीन मिळावं म्हणून मीठ वाढवू नका. मीठ तेवढंच, फक्त आयोडीनचं.

प्रश्न : मुलाला कोबी आणि बाजरी बंद करू का?

उत्तर : नको. या पदार्थांतली काही द्रव्यं थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात, पण ते जाणवतं आयोडीन कमी पडत असेल तेव्हा. मीठ बदला, भाकरी राहू द्या.

प्रश्न : गलगंड दिसला की आयोडीनचे थेंब सुरू करावेत का?

उत्तर : स्वतःहून मुळीच नाही. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरांतही गलगंड दिसतो. त्यामागे बऱ्याचदा शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे ग्रंथीला आलेली सूज असते, आणि तिथे जादा आयोडीन बाधू शकतं. आधी टीएसएच आणि टी-४ या थायरॉइडचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करून घ्या. कमतरतेचा गलगंड मीठ बदलल्यावर ओसरायला अनेक महिने, कधी वर्षंही लागतात. गाठ टणक असेल, एकाच बाजूला असेल, भराभर वाढत असेल, किंवा गिळताना-श्वास घेताना त्रास होत असेल, तर मात्र वाट न पाहता तज्ज्ञांकडे न्या.