घात टळला, तरी शोकात्मिकाच?

प्रश्न : ॲरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’तील तेराव्या प्रकरणानुसार उत्तम शोकात्मिकेत नायक भाग्याकडून दुर्भाग्याकडे जातो. चौदाव्यात मात्र घात ऐनवेळी टळणारी रचना सर्वश्रेष्ठ ठरते. हे दोन्ही कसे खरे मानायचे?

उत्तर : ही अडचण संहितेतच आहे आणि अभ्यासक शतकानुशतके तिच्याशी झगडत आले आहेत. तेराव्या प्रकरणात ग्रीक नाटककार सोफोक्लीझचा ईडिपस हा नायक समोर आहे: दुष्टपणामुळे नव्हे, तर एखाद्या मोठ्या प्रमादामुळे कोसळणारा माणूस. सज्जनांचे भले आणि दुर्जनांचे वाईट करणारा शेवट प्रेक्षकांच्या दुबळेपणामुळे लोकप्रिय होतो, असा टोलाही ॲरिस्टॉटल तिथे लगावतो, त्यामुळे पुढचे विधान अधिकच खटकते.

चौदाव्या प्रकरणात तो आप्तांच्या हातून होणाऱ्या घाताचे प्रकार तपासतो. ग्रीक नाटकातली मीडिया ही नायिका जाणूनबुजून आपल्याच मुलांना मारते. ईडिपस अजाणता पित्याला मारतो आणि त्याला सत्य मागाहून कळते. जाणूनबुजून हात उगारून थांबणे, हा प्रकार त्याच्या मते सर्वांत निकृष्ट. श्रेष्ठ ठरते ते युरिपिडीझच्या ‘टॉरिसमधील इफिजेनिया’सारखे नाटक. त्यात बळी देण्यासाठी आणलेला परका तरुण ओरेस्टीझ हा आपलाच भाऊ आहे, हे पुजारीण इफिजेनियाला ठाऊक नसते. घरी पाठवायच्या पत्रातला मजकूर ती तोंडी सांगते आणि त्यातूनच ओळख पटते. हा प्रसंग ॲरिस्टॉटलला इतका आवडला, की सोळाव्या प्रकरणात तो त्याचे पुन्हा कौतुक करतो.

अठराव्या शतकात जर्मन समीक्षक लेसिंगने असा तोडगा सुचवला, की पहिले विधान नायकाच्या दशेतील पालटाविषयी आणि दुसरे यातनेच्या प्रसंगाविषयी आहे. नाटकाची ही दोन वेगळी अंगे असल्याने विरोध उरत नाही. तोडगा चतुर आहे, पण मला तो अपुरा वाटतो, कारण घात टळल्यावर बहुतेक वेळा दशेचा पालटही उलट दिशेने होतो, आणि इफिजेनियाच्या बाबतीत नेमके तेच घडते. त्यापेक्षा ॲरिस्टॉटलच्या मूळ कसोटीकडे, म्हणजे करुणा आणि भीती यांच्याकडे, पाहावे. बहीण भावाच्या बळीची तयारी करत असताना आपण दोन्ही भावना पुरेपूर अनुभवतो, मात्र प्रत्यक्ष भ्रातृहत्येने येणारी किळस टळते. चौदाव्या प्रकरणात त्याने ही किळस टाळण्यास अधिक महत्त्व दिलेले दिसते. तेराव्याशी त्याचा मेळ घालण्याची तसदी त्याने घेतलेली नाही, हे मात्र मान्य करावे लागते.