खंबाटकीत बंद पडलेली सेडान: इंजिन उघडायच्या फॉर्मवर सही करण्याआधी

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. सात वर्षांची डिझेल सेडान, जुन्या गाड्यांच्या शोरूममधून चार महिन्यांपूर्वी घेतलेली, सोबत सहा महिन्यांची वॉरंटी. खंबाटकी घाट चढताना एकही दिवा न लागता इंजिन बंद. आता स्टार्टर मारला की नेहमीपेक्षा हलका, सलग फिरतो, पण गाडी चालू होत नाही. वर्कशॉपवाले म्हणतात २५ हजार भरा, फॉर्मवर सही करा, मग इंजिन उघडून बघू. गाडी वेगळी असेल, पण माझ्या सेडानचं इगतपुरीच्या अलीकडे हेच झालं होतं, आणि त्यानंतरचा मनस्ताप गाडी बंद पडण्यापेक्षा फार मोठा होता.

तुम्ही विचारलंय की २५ हजार जास्त आहेत का. रकमेचा विचार नंतर करा. आज सही करू नका.

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातले वाल्व (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा रबरी पट्टा. स्टार्टर हलका फिरतोय याचा अर्थ बहुतेक कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं) गेलंय, म्हणजे बेल्ट तुटलाय किंवा त्याचे दाते झडलेत आणि वाल्व पिस्टनवर आपटून वाकलेत. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कळवणारा सेन्सर) गेला असता तर इंजिन असंच अचानक बंद पडलं असतं, पण स्टार्टरचा आवाज नेहमीसारखा दमादमाने आला असता. ऑइल संपून इंजिन जाम झालं असतं तर स्टार्टर फिरलाच नसता. मी मेकॅनिक नाही, आवाजाचं वर्णन वाचून लिहितेय, त्यामुळे हा अंदाजच समजा. पण अंदाज खरा असेल तर आता कोणालाही किल्ली फिरवू देऊ नका. वर्कशॉपमध्ये येणारा प्रत्येक माणूस ‘एकदा मारून बघू’ म्हणतो, आणि जे वाल्व अजून वाचलेत तेही त्यात जाऊ शकतात.

बेल्ट तुटलाय का हे बघायला इंजिन उघडावं लागत नाही. बहुतेक गाड्यांत बेल्टवरचं वरच्या बाजूचं प्लॅस्टिकचं कव्हर क्लिपांवर किंवा दोन-चार बोल्टांवर असतं, ते काढलं की बेल्ट दिसतो. पिस्टनवर वाल्वच्या खुणा उठल्यात का हे बघायला ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन चालू व्हायला गरम होणारा भाग) काढून त्या भोकातून बोरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, घालतात. बऱ्याच वर्कशॉपमध्ये हा कॅमेरा असतो, नसला तर भाड्याने मागवता येतो. तुमच्यासमोर हे करायला सांगा आणि मोबाइलवर सलग, न थांबवता व्हिडिओ घ्या: नंबर प्लेट, चासी नंबर, मीटरवरचे किलोमीटर, मग कव्हर काढताना आणि बेल्ट. मूळ फाइल फोनमधून पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे गेलेल्या व्हिडिओला नंतर फारशी किंमत राहत नाही.

एवढा आग्रह का, ते सांगते. माझं सर्वांत मोठं नुकसान वॉरंटीचे दावे बघणाऱ्या कार्यालयाने केलं. वॉरंटी शोरूमने विकली होती, पण चालवत होती दुसरीच कंपनी. तिचं कार्यालय भलत्याच शहरात, आणि फोन केला की दर वेळी नवा माणूस. गाडी टो करून वर्कशॉपमध्ये नेली. वर्कशॉप म्हणालं, उघडल्याशिवाय कारण सांगता येणार नाही. वॉरंटीवाले म्हणाले, कारण लेखी कळवल्याशिवाय उघडायची मंजुरी देता येणार नाही. मी दोघांना एकमेकांचे नंबर दिले. आठवडे गेले. तेवढ्यात वर्कशॉपने पार्किंगचे पैसे रोजाच्या हिशेबाने लावायला सुरुवात केली. शेवटी वर्कशॉपच्या मॅनेजरने माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावला आणि पलीकडून सरळ उत्तर आलं, ‘हो, खोला, फोटो पाठवा.’ त्याच दुपारी हेड, म्हणजे वाल्व बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं. आठ वाल्व वाकलेले निघाले. फोटो काढले ते वाल्वचे. बेल्टचे तुकडे, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा) पोरांनी भंगाराच्या ड्रममध्ये टाकले, आणि भंगारवाला दुसऱ्या दिवशी येऊन ड्रम घेऊन गेला.

मग पत्र आलं, दावा नामंजूर. त्यात दोन कारणं होती. पहिलं, लेखी पूर्वपरवानगी न घेता इंजिन उघडलं, त्यामुळे बिघाडाचं कारण तपासता आलं नाही. दुसरं, बेल्ट हा झिजणारा भाग आहे, तो वॉरंटीत नाही, म्हणून त्याच्यामुळे झालेलं पुढचं नुकसानही नाही. फोनवर ‘खोला’ म्हणणारा माणूस कोण, याची त्यांच्याकडे नोंद नव्हती. मी कॉल रेकॉर्डिंग मागितलं तर ‘ते अंतर्गत वापरासाठी असतं’ असं उत्तर आलं. आजही त्या पत्राची आठवण झाली की डोकं तापतं. दिवसभर नोकरी करून, हप्ते भरून गाडी घेतलेल्या माणसाला दोन कार्यालयांनी असं मधल्यामध्ये चेंडूसारखं टोलवायचं, आणि शेवटी दोष त्याच्याच माथी मारायचा, हे चीड आणणारं आहे.

पण ते पत्र नीट वाचलं तर त्याची दोन कारणं एकमेकांना खोडतात. कारण तपासता आलं नसेल, तर बेल्टच दोषी हे कशावरून ठरवलं? आणि बेल्ट दोषी हे माहीत असेल, तर उघडल्यामुळे काय बिघडलं? मी उत्तरात हेच लिहिलं, आणि पुढे तोच मुद्दा कामी आला. तुम्हाला असं पत्र आलं तर फोन न करता लेखीच उत्तर द्या.

भंगारात गेलेले भाग एवढे महत्त्वाचे का? कारण आधी काय तुटलं यावर सगळा दावा फिरतो. बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच चालतो. पंपाचं बेअरिंग जाम झालं की बेल्ट त्यावर घासून तुटतो. तसंच टेन्शनरचं. कॅमच्या (वाल्व उघडणाऱ्या दांड्याच्या) सीलमधून ऑइल गळत असेल तर ते बेल्टचं रबर खातं. या प्रत्येक वेळी बेल्ट हा बळी असतो, मूळ दोष दुसरीकडे असतो, आणि तो दुसरा भाग तुमच्या वॉरंटीच्या वगळलेल्या यादीत नसेलही. ती यादी आज रात्रीच काढून वाचा. शिवाय बेल्टवर पार्ट नंबर छापलेला असतो, पुष्कळदा बनवल्याची तारीखही. मीटर ६० हजार दाखवतोय आणि विक्रेता म्हणतो बेल्ट नुकताच बदललाय, पण बेल्टवर गाडीच्याच जन्मवर्षाची खूण आहे, तर विक्रेता खोटं बोलला हे त्या रबराच्या तुकड्यावरून सिद्ध होतं. माझ्याकडे तो तुकडा राहिला नाही.

म्हणून आता करायचं ते असं. वॉरंटी कंपनी, शोरूम आणि वर्कशॉप, तिघांनाही एकच ईमेल पाठवा. त्यात लिहा की गाडी अमुक तारखेपासून वर्कशॉपमध्ये न उघडलेल्या स्थितीत उभी आहे, तुमच्या प्रतिनिधीने सात दिवसांत येऊन समक्ष तपासणी करावी, न आल्यास मी स्वतंत्र तपासनीसासमोर इंजिन उघडून घेईन आणि त्याचा खर्च तुमच्याकडून मागेन. जॉब कार्डवर वर्कशॉपकडून हेही लिहून घ्या: ‘काढलेला प्रत्येक भाग ग्राहकाच्या ताब्यात द्यावा, ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही टाकू नये.’ हे वाक्य लिहायला वर्कशॉपने नकार दिला तर गाडी तिथून हलवा. टोइंगला पैसे जातील, पण तुमच्या विम्यात रस्त्यावरच्या मदतीचं अ‍ॅड-ऑन असेल तर आधी तिथे विचारा, बिघाडालाही ते बहुतेक वेळा चालतं. स्वतंत्र तपासनीस म्हणून परवानाधारक मोटार सर्व्हेअर खासगी अहवाल देतात. अहवालात ‘इंजिन फेल’ एवढंच नको, ‘प्रथम कोणता भाग निकामी झाला’ याचं उत्तर हवं. फी देण्याआधीच हे स्पष्ट बोलून घ्या.

विम्याकडून इंजिनाचे पैसे मिळतील का, हा तुमचा दुसरा प्रश्न. माझ्या मते नाही. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत झीज, यांत्रिक बिघाड आणि त्यातून होणारं पुढचं नुकसान सरळ वगळलेलं असतं. इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन मुख्यतः पाणी शिरणं, ऑइल गळणं यासाठी असतं; तरी त्याची कलमं वाचा. आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते: पॉलिसी तुमच्या नावावर झाली आहे का? जुनी गाडी घेतल्यावर १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं आपोआप येत नाही. आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी आधीच्या मालकाच्या नावावर असेल तर उद्या साधा अपघात झाला तरी अडचण होईल. ते काम याच आठवड्यात उरका.

वॉरंटीपेक्षा शोरूमला धरणं जास्त फायद्याचं, असं माझं ठाम मत आहे. वॉरंटी कंपनी कलमांच्या आड बसते. शोरूमने मात्र जाहिरातीत काहीतरी लिहिलेलं असतं: संपूर्ण सर्व्हिस हिस्टरी, शेकडो मुद्द्यांची तपासणी, अमुक किलोमीटर. त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तपासणीचा कागद, व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी, सगळं बाजूला काढा. मग अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आरसी घेऊन जा आणि चासी नंबरवरून जुन्या नोंदी मागा. काही सेंटर छापील प्रत देत नाहीत, पण स्क्रीनवर दाखवतात. मागच्या कुठल्याही भेटीतले किलोमीटर आजच्या मीटरपेक्षा जास्त निघाले तर ती सर्वांत भक्कम गोष्ट हाती लागली. बेल्ट किती किलोमीटरवर किंवा किती वर्षांनी बदलायचा हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, मेकॅनिकच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. वर्षांची अट लोक विसरतात. कमी चाललेल्या गाडीतही रबर वयानं सुकतं.

ऐकलंच नाही तर ग्राहक आयोग. मी वकील नाही, कागदपत्रं एकदा वकिलाला दाखवा. पण २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, शोरूम पुण्यात असलं तरी साताऱ्यात. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेवढ्यानेही काही विक्रेते बोलायला तयार होतात. माझं प्रकरण आयोगाने मध्यस्थीकडे पाठवलं आणि तिथे शोरूमने दुरुस्तीचा साधारण अर्धा खर्च दिला. बेल्ट आणि पंप माझ्याकडे असते तर पूर्ण मिळाला असता असं मला आजही वाटतं. एक मात्र बघा, गाडी शोरूमने स्वतः विकली होती की मालक आणि तुमच्यात फक्त मध्यस्थी केली होती? बिल कोणाच्या नावाचं आहे? थेट खासगी मालकाकडून घेतलेल्या गाडीला ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा लागू होत नाही.

दुरुस्तीबद्दल थोडं. वर्कशॉप तुम्हाला ‘सेकंडहँड इंजिन टाका, स्वस्तात होईल’ म्हणेल. मला ते पटत नाही. त्या इंजिनाचा इतिहास तुमच्या गाडीपेक्षाही अंधारात असतो, आणि इंजिन नंबर बदलला की आरटीओत नोंद करावी लागते, त्यासाठी त्या इंजिनाचे कागद लागतात. बहुतेक वेळा हेडचं काम करून भागतं: वाल्व, गाइड, सील, हेडची प्रेशर टेस्ट, नवे हेड बोल्ट. पिस्टन चारही समान उंचीवर येतात का ते डायल गेजने मोजून घ्या, एखादा खाली राहिला तर कनेक्टिंग रॉड वाकलाय आणि मग खर्च वाढेल. बेल्ट एकटा टाकू नका, टेन्शनर, आयडलर (बेल्टला वळण देणारी पुली) आणि वॉटर पंपासकट पूर्ण किट टाका, आणि बिलावर प्रत्येक भागाचा पार्ट नंबर लिहून घ्या. वर्कशॉपवाले ‘टायमिंग वर्क’ असं दोन शब्दांत बिल करतात, ते चालवून घेऊ नका.

घाटात बंद पडल्यावर तुम्ही किंवा सोबतच्या कोणी स्टार्टरचा आवाज रेकॉर्ड केला असेल तर इथे टाका, इथे माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत. रेकॉर्डिंग नसेल तर त्यासाठी पुन्हा किल्ली फिरवू नका. आणि वॉरंटीच्या कागदाचं वगळलेल्या भागांचं पान फोटो काढून टाकलंत, नाव-नंबर झाकून, तर वॉटर पंप त्यात आहे का ते मी बघून सांगते.