आजोबांच्या वहीतली सही

प्रश्न : आजोबांच्या वहीत क्रिकेटपटू विनू मांकड यांची सही आहे, खाली ‘१९५२’. ती खरी कशी ओळखावी? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : ताई, तुम्ही वहीच घेऊन आलात ते फार बरं झालं, फोटोवरून मी मत देत नाही. खिडकीपाशी पान तिरपं धरून भिंगातून पाहिलं. शाई कागदाच्या तंतूंत मुरलेली. छापील सहीत बारीक ठिपके दिसतात, बॉलपेनची खाच उमटते; इथे दोन्ही नाही. नक्कल करणाऱ्याचा हात सावकाश चालतो, म्हणून रेघ थरथरते, टोकं बोथट राहतात. तुमच्या सहीचं शेवटचं टोक केसासारखं निमुळतं आहे.

साल मात्र जेलपेनने लिहिलंय! मांकड १९७८ मध्ये गेले, जेलपेन त्यानंतर आलं. म्हणजे ते कुणीतरी मागाहून घातलं. १९५२ मध्ये लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या होत्या, म्हणून मोह झाला असेल. ते खोडू नका.

आता त्यांच्या खात्रीच्या दोन-तीन सह्यांशी ताडून बघू, मगच ‘खरी’ म्हणेन. तोवर पान लॅमिनेट करू नका. माझ्याकडची एक सही मी तशीच कायमची घालवली, अजून हळहळ वाटते.